बोजा वाचून दाखवलात, आता फेडायचं बोला

टोरोंटोच्या आसपासच्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक वाद चाललाय आणि दोन्ही बाजू तो इतक्या वाईट घालतायत की शेवटी लिहायलाच बसलो. वाद असा की आपल्या कार्यक्रमांच्या सुरुवातीला लँड अक्नॉलेजमेंट वाचायचं की नाही. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, कॅनडात शाळेची असेंब्ली असो, सिटी कौन्सिलची मीटिंग असो नाहीतर कंपनीचा टाउनहॉल, आधी कोणीतरी माइकवर येऊन सांगतं की आपण जमलोय ती जागा अमुक अमुक फर्स्ट नेशन्सची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, पारंपरिक भूमी आहे, त्यांनी तिची हजारो वर्षं काळजी घेतली, आम्ही आभारी आहोत वगैरे. अर्धा मिनिट लागतं. मग फायर एक्झिट कुठे आहेत ते सांगतात आणि कार्यक्रम सुरू. आता हॉल म्युनिसिपालिटीचा, ग्रँट सरकारची, त्यामुळे आपल्याकडेही गणेशवंदनेच्या आधी हा परिच्छेद येऊन बसलाय. एक गट म्हणतो हे काय नाटक, आपण काय कोणाची जमीन लुटली, आपणच दीडशे वर्षं इंग्रजांखाली होतो. दुसरा गट म्हणतो असं बोलणंच असंवेदनशील आहे, वाचायचं म्हणजे वाचायचं. एकाला वाटतं आपल्यावर पापाचा आरोप होतोय, दुसऱ्याला वाटतं वाचलं की पुण्य लागतं, आणि या पाप-पुण्याच्या भानगडीत मुळात हा एक व्यवहार आहे, त्यात कागद आहेत, रकमा आहेत, तारखा आहेत, हे कोणी बोलतच नाही.

माझं मत विचाराल तर वाचावं, पण करारासकट वाचावं. ही जमीन कुठल्या ट्रीटीखाली गेली, कोणत्या साली, कशाच्या बदल्यात, आणि त्यातलं काय द्यायचं अजून बाकी आहे. एवढं सांगायची तयारी नसेल तर खुशाल थेट गणेशवंदना सुरू करा, त्या अर्ध्या मिनिटाने कोणाचंच काही अडत नाही.

आपल्याला हे समजायला खरं तर जगात सगळ्यात सोपं जायला पाहिजे. गावाकडे जमीन घेताना आपण पहिलं काय बघतो? सातबारा. आणि सातबाऱ्यात पहिलं काय बघतो? इतर हक्काचा रकाना. तिथे सोसायटीचा बोजा आहे का, कुळाचं नाव लागलंय का. विकणारा म्हणतो अहो ते आजोबांच्या वेळचं आहे, सोडा. आपण सोडतो का? कर्ज आपण काढलेलं नसतं, कर्ज काढणारा कधीच वर गेलेला असतो, तरी बोजा जमिनीबरोबर येतो हे आपल्याकडे चौथी पास माणसालाही कळतं. आता कॅनडाचं नागरिकत्व घेताना आपण हात वर करून जी शपथ घेतो ना, ती जून २०२१ मध्ये बदलली. मूळ रहिवाशांच्या मुलांच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रीकन्सिलिएशन कमिशनने २०१५ साली ज्या ९४ शिफारशी केल्या त्यातली शेवटची, ९४ वी, ही होती. आता आपण शपथेवर म्हणतो की कॅनडाचे कायदे पाळेन, त्यात राज्यघटनाही आली, आणि ती राज्यघटना फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी लोकांचे मूळचे हक्क आणि ट्रीटीचे हक्क मान्य करते. शपथ झाल्यावर झेंडा हातात घेऊन फोटो सगळ्यांनी टाकलेत. वाचून सही केली होती ना?

आता टोरोंटोचाच कागद बघू. १७८७ साली इंग्रजांनी मिसिसागा या इथल्या फर्स्ट नेशनच्या लोकांशी या जमिनीचा व्यवहार केला. बंदुकीच्या चकमकीचे २००० दगड, २४ पितळी किटल्या, १२० आरसे, लेस लावलेल्या २४ हॅटी, फुलाफुलांच्या फ्लॅनेलचा एक गठ्ठा आणि ९६ गॅलन रम. नंतर कागद बाहेर काढला तर तो कोरा! जमीन कुठून कुठपर्यंत याचं वर्णनच नाही आणि प्रमुखांच्या खुणा वेगळ्या चिठोऱ्यांवर, मागून जोडलेल्या. इंग्रज अधिकाऱ्यांना स्वतःलाच कळून चुकलं की हे टिकणार नाही. मग १८०५ मध्ये मिसिसागांना परत बोलावलं आणि आधीचा कागद कोरा होता हे न सांगता २,५०,८३० एकर लिहून घेतले, १० शिलिंगला. आणि याच सुमाराला, पन्नासेक वर्षं इकडेतिकडे, हेच इंग्रज आपल्याकडे दख्खनमध्ये काय करत होते? १८५२ चा इनाम कमिशनचा कायदा आठवा. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्या, खाणाऱ्या इनामदारांना म्हणाले सनद दाखवा, नाही दाखवली तर इनाम खालसा, आणि हजारो इनामं गेली. म्हणजे पुण्या-साताऱ्यात तुमच्याकडे कागद नाही म्हणून जमीन सरकारची, आणि टोरोंटोत सरकारकडे कागद नाही तरी जमीन सरकारचीच. ज्याच्या आजोबाचं इनाम गेलं त्याने तरी हा जोक समजून घ्यावा की नाही?

मिसिसागांनी दावा लावला तो १९८६ मध्ये आणि कॅनडा सरकारने २०१० मध्ये १४ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड केली. हे नुसतं भावनिक प्रकरण असतं तर कुठल्या सरकारने एवढा चेक फाडला असता? आणि ज्यांच्या नावाचं शहर आहे, ज्या शहरात आपण ढोल-ताशा पथक काढलं, त्या मिसिसागा शहरात मिसिसागांचं रिझर्व्ह, म्हणजे त्यांच्यासाठी राखीव जमीन, नाहीये. ते लोक क्रेडिट नदीवरून उठून १८४७ पासून हॅगर्सव्हिलजवळ राहतात, तीही जागा सिक्स नेशन्स या दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या संघाने दिलेली.

याहून भारी केस उत्तरेकडची. १८५० मध्ये लेक ह्युरॉन आणि लेक सुपीरियरच्या वरच्या अंगाला जी जमीन आहे, जिथे पुढे सडबरीचं निकेल निघालं, लाकूड निघालं, तिचे रॉबिन्सन करार झाले. करारात स्पष्ट कलम होतं की जमिनीतून उत्पन्न वाढलं तर वर्षाची रक्कमही वाढवायची. १८७५ मध्ये ती माणशी ४ डॉलर केली आणि मग? मग काही नाही. खाणी झाल्या, रेल्वे झाली, शहरं झाली, दोन महायुद्धं झाली, माणूस चंद्रावर गेला, रक्कम ४ डॉलर. वर्षाला. आज ४ डॉलरमध्ये इथे वडापाव आला तरी खूप. २०२३ मध्ये ह्युरॉनकडच्या २१ फर्स्ट नेशन्सबरोबर फेडरल आणि ओंटारिओ सरकारने मिळून १० अब्ज डॉलरची तडजोड केली आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की क्राउनने, म्हणजे राजाच्या नावाने चालणाऱ्या सरकारने, शब्द पाळला नाही, अप्रामाणिकपणे मोडला. कोर्ट असं बोललंय हो, कुठला अॅक्टिव्हिस्ट नाही.

बरं, आता विरोधकांचा सगळ्यात तगडा मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे. नुसतं वाचून काय होतं? आणि हे फक्त आपले काका-मामाच म्हणत नाहीत. हेडन किंग नावाचे अनिशिनाबे या मूळ समाजातले प्राध्यापक आहेत, टोरोंटोतल्या तेव्हाच्या रायरसन विद्यापीठासाठी अक्नॉलेजमेंट लिहायला ज्यांनी मदत केली, त्यांनीच २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की ते लिहिल्याचा पश्चात्ताप होतोय, कारण लोक यंत्रासारखं वाचतात आणि पुढे जातात. लिहिणाराच असं म्हणतोय तर आपण कोण? यावर आपल्याच शेजारचं उदाहरण आहे. नाशिकला लागून डांग. तिथल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ मध्ये जंगल भाडेपट्ट्याने घेतलं, सागासाठी. आजही दर वर्षी होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो, त्या राजांच्या वारसांना मिरवणुकीने आणतात, सत्कार होतो, सालियाणा हातात देतात, पेपरात फोटो येतो. मान आहे, दरबार आहे, पण जंगल वनखात्याचं. कॅनडातही दुसऱ्या काही करारांखाली ट्रीटी डेला, म्हणजे वर्षाची रक्कम वाटायच्या दिवशी, लाल कोटातला पोलीस बाजूला उभा करून ५ डॉलरची नोट देतात, तेच. समारंभ असा चालतो की ज्याला द्यायचंय त्याला वाटावं दिलं, आणि घेणाऱ्यालाही जरा वेळ वाटावं मिळालं.

पण यावरून समारंभ बंद करा असं निघतं का? मला नाही वाटत. ४ डॉलर दर वर्षी मिळत राहिले म्हणूनच करार जिवंत आहे हे कोर्टात कोणाला नाकारता आलं नाही. बोजा रकान्यात राहिला पाहिजे. उद्या वाचणं बंद केलं तर विरोध करणारे काय, ते जाऊन पैसे भरणार आहेत का? ज्यांना नाटक नको त्यांनी नाटकातला खोटेपणा काढायला सांगावं, तर त्यांचं ऐकेन. ते तर अख्खा विषयच नको म्हणतात.

दुसरा मुद्दा, आपलं हे पाप नाही, आपणही गुलामच होतो. पाप नाही हे शंभर टक्के मान्य. पॉइंट्स सिस्टिममधून आलो, आयईएलटीएस दिली, पहिली दोन वर्षं गोदामात खोकी उचलली, कोणाचं काही लुटलं नाही. पण "आपणही" हा शब्द वापरायचा तर पूर्ण वापरा ना. टोरोंटोत डफरिन स्ट्रीट आहे, लॅन्सडाऊन नावाचं सबवे स्टेशन आहे. डफरिन आधी कॅनडाचा गव्हर्नर जनरल, मग हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. लॅन्सडाऊन तसाच. मिंटोही तसाच, आणि १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला पाठवलं तेव्हा व्हाइसरॉय कोण होता, तर हाच मिंटो. विलिंग्डन आधी मुंबईचा गव्हर्नर, मग कॅनडाचा गव्हर्नर जनरल, मग व्हाइसरॉय आणि १९३२ मध्ये गांधींना आत टाकणारा. साहेब एकच, फक्त बदली होत होती! मग ज्या साहेबाने आपल्याला नाडलं त्यानेच नाडलेल्या दुसऱ्या माणसाबद्दल आपला पहिला उद्गार "आमचा काय संबंध" हा असावा? गुलामगिरीचा अनुभव सांगून सुटका मागायची हे मला पटत नाही, त्या अनुभवामुळे तर आपल्याला हे कागद गोऱ्यांपेक्षा लवकर वाचता आले पाहिजेत.

मधेच एक फाटा फोडतात, की मिसिसागांच्या आधी इथे सेनेका होते, त्याआधी वेंडाट होते, त्यांनीही एकमेकांशी लढाया केल्याच, मग कोणाला मानायचं? इतिहास बरोबर आहे. पण पुणं आधी निजामशाहीत, त्याआधी यादवांकडे, म्हणून आज कोथरूडच्या फ्लॅटचं खरेदीखत रद्द होतं का? १७६३ च्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाने स्वतःच नियम केला की मूळ लोकांची जमीन फक्त क्राउनने घ्यायची, तीही त्यांची जाहीर सभा बोलावून. समोरचा पक्ष कोण हे क्राउननेच ठरवलं आणि त्याच्याशी करार केला. आता अडीचशे वर्षांनी समोरच्याची वंशावळ काढून काय उपयोग.

खरी भीती वेगळी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. घर. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या कोर्टाने रिचमंडमधल्या सुमारे ८०० एकरांवर काउचन लोकांचा मूळ हक्क मान्य केला आणि त्यात खाजगी मालकीचीही जमीन येते. अपील झालंय, पण तोपर्यंत इकडे आपल्या लोकांच्या पोटात गोळा. तीस वर्षांचं मॉर्गेज घेतलेल्या माणसाला तू ऐतिहासिक न्यायाचा विचार कर असं सांगणं सोपं नसतं आणि जे सांगतात त्यांची घरं बहुतेक फेडून झालेली असतात. तरी दोन गोष्टी बघा. काउचन लोकांनी खाजगी घरमालकांना बाहेर काढा अशी मागणीच केली नव्हती, त्यांचा झगडा सरकारशी आणि सिटीशी आहे. आणि हा गोंधळ झाला कशामुळे? कागद केला म्हणून नव्हे, कागद केलाच नाही म्हणून. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक भागात ट्रीटीच झाली नाही, करायची गरजच काय म्हणून तिथल्या सरकारांनी शंभर वर्षं टाळलं आणि त्या टाळलेल्या जमिनीचे प्लॉट पाडून लोकांना विकले. याउलट एप्रिल २०२४ मध्ये त्याच प्रांताने हैदा लोकांशी बसून करार केला, हैदा ग्वाई बेटांवरचा त्यांचा हक्क मान्य केला आणि खाजगी मालकीला हात लागणार नाही हेही त्यातच लिहिलं. टेबलावर बसून ठरवलं तर घरं वाचतात, कोर्टावर सोडलं तर काय होईल ते जज ठरवणार. घराची ज्याला खरी काळजी आहे त्याने तर तडजोडीसाठी सगळ्यात जास्त आरडाओरडा करायला पाहिजे.

आणि ते एक वाक्य, जे आपल्या पार्ट्यांमध्ये दुसऱ्या ड्रिंकनंतर हमखास येतं, "त्यांना सगळं फुकट मिळतं." हे वाक्य ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे, पुण्या-मुंबईत आरक्षणावर बोलताना तोच सूर, तीच चाल, फक्त माणसं बदलली. फुकट काय मिळालं ते बघू. १८७६ चा इंडियन अॅक्ट, ज्याखाली मुलांना घरातून उचलून निवासी शाळांमध्ये टाकलं, दीड लाखाहून जास्त मुलं, शेवटची शाळा बंद झाली तेव्हा आपल्यातले बरेच जण कॉलेजात होते. १९२७ मध्ये त्या कायद्यात असं कलम घातलं की जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं, वकील लावणं हाच गुन्हा. (तेव्हा गव्हर्नर जनरल वर आलेले आपले विलिंग्डनसाहेब.) ते १९५१ पर्यंत राहिलं. म्हणजे आज जे विचारतात "इतकी वर्षं गप्प होते, आत्ताच कसे जागे झाले", त्यांना उत्तर एवढंच, वकील लावला तर शिक्षा होती.

पाण्याचं तर विचारूच नका. विनिपेग शहराला १९१९ पासून शोल लेकचं पाणी येतं. त्या कालव्याच्या कामासाठी शोल लेक ४० या फर्स्ट नेशनचं गाव हलवलं, खोदकामात ते मुख्य जमिनीपासून तुटलं, बेट झालं. शहराला शुद्ध पाणी, आणि ज्यांच्या दारातून पाणी जातं त्यांना १९९७ ते २०२१ पाणी उकळून प्या किंवा बाटल्या आणा. रस्ता मिळाला २०१९ मध्ये. ओंटारिओच्या उत्तरेला नेस्कांटागात १९९५ पासून हीच सूचना लागू आहे, तिथे एक अख्खी पिढी नळाचं पाणी सरळ न पिताच मोठी झाली. मुंबईकरांनो, तानसा, वैतरणा, भातसा आठवतायत का? शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात आणि शेजारच्या धरणाचं पाणी आपल्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर चढतं. म्हणून मला युनिव्हर्सिटी ऑफ विनिपेगचं अक्नॉलेजमेंट आवडतं, त्यात साधं वाक्य आहे की आमचं पाणी शोल लेक ४० मधून येतं. कृतज्ञता-बितज्ञता बाजूला, आधी पाणी कुठून येतं ते सांगा.

भारताला हे जमलं नाही असंही नाही. २००६ चा वनहक्क कायदा काढून बघा, त्याच्या सुरुवातीलाच सरकारने लिहून दिलंय की वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. हे आपलं लँड अक्नॉलेजमेंटच झालं, फक्त त्याच्या खाली दाव्याचा फॉर्म जोडलाय. त्या फॉर्मवर गडचिरोलीच्या मेंढा लेखाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायला लागले, देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेने. देशभरात लाखो दावे फेटाळलेही गेले, वनखात्याने जिथे जमेल तिथे पाय घातला, सगळं गोड नाही. पण कबुली आणि फॉर्म एकाच कागदावर असले की फरक पडतो, निदान भांडायला जागा मिळते.

तर मंडळांनी काय करायचं. ब्रॅम्प्टनमध्ये कार्यक्रम असेल तर म्हणा की ही जमीन ट्रीटी १९ खालची, १८१८ साल, ६,४८,००० एकर, बदल्यात वर्षाला ५२२ पौंड १० शिलिंगचा माल. वॉटर्लू-किचनेरला असाल, जिथे आपली निम्मी पोरं शिकायला येतात, तर सांगा की ग्रँड नदीच्या दोन्ही काठांचे सहा सहा मैल १७८४ मध्ये सिक्स नेशन्सला दिले होते, त्यातले पाच टक्केही त्यांच्याकडे उरले नाहीत आणि त्या पैशांच्या हिशोबासाठी त्यांनी १९९५ मध्ये लावलेली केस संपायचं नाव घेत नाही. वेळ जास्त लागतो म्हणाल तर प्रायोजकांची नावं वाचायला आपण किती वेळ घेतो ते मला बोलायला लावू नका. आणि दर गणेशोत्सवात एमपीपी, म्हणजे प्रांताचे आमदार, येतात, शाल-श्रीफळ घेतात, "केम छो" म्हणतात, आपण तेही हसून घेतो. पुढच्या वेळी माइक त्यांच्या हातात द्यायच्या आधी त्यांना जून २०२५ च्या बिल ५ बद्दल विचारा, ज्याने सरकारला हवा तो भाग स्पेशल इकॉनॉमिक झोन ठरवून तिथे प्रांताचे कायदे बाजूला ठेवता येतात, ज्याला फर्स्ट नेशन्सनी कडाडून विरोध केला, आणि उत्तर ओंटारिओतल्या ज्या रिंग ऑफ फायर भागातल्या खाणींसाठी ही घाई आहे त्याच भागात नेस्कांटागा येतं. विचारा की खाणीपर्यंतचा रस्ता आधी होणार की गावातला नळ. आणि ते उत्तर देईपर्यंत शाल हातातच ठेवा.